थंडाव्याचा ताळेबंद

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढच्या इतिहासाला थोडा हिशेबी वास आला, तर वाचकांनी तो माझ्या शिक्षणाच्या खाती टाकावा. बँकेत एकवीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट सुरू करण्याआधी आरंभीची शिल्लक विचारावीशी वाटते. लग्नाच्या बैठकीत याद्यांवर सही करताना मी खाली तारीख घालून ‘तपासले’ असं लिहिलं होतं, असं आमची सौ. चारचौघांत सांगते. ते साफ खोटं आहे. मी फक्त तारीख घातली होती.

तर यंदाच्या मे महिन्यात आमच्या आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण व्हायची होती. जेवणात गोड काय करायचं यावर घरात बैठक बसली. सौ. म्हणाली, “श्रीखंड-पुरी.” मी अनुमोदन दिलं. आमच्या घरात मला सूचना मांडण्याचा अधिकार नाही, अनुमोदनाचा आहे. पण आमची नववीतली कन्या म्हणाली, “दर वेळी काय श्रीखंड! आपण आजीसाठी सेमीफ्रेद्दो करू.”

मला वाटलं, हा कुणी इटलीचा फुटबॉलपटू असावा. तो पदार्थ निघाला. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘अर्धं गार’. अंड्याचे बलक आणि मध ऊन पाण्याच्या भांड्यावर धरून दाट आणि फिकट होईपर्यंत घोटायचे, निवू द्यायचे, त्यात फेटलेली मलई हलक्या हाताने मिसळायची, मोसमातलं फळ घालायचं आणि गोठवायचं. मोसम मे महिन्याचा, म्हणजे फळ कोणतं ते रत्नागिरीच्या माणसाला विचारू नये. मध महाबळेश्वरचा आणायचं ठरलं. इटलीला आक्षेप घ्यायला जागाच उरली नाही.

आक्षेप आईने घेतले. एक नाही, तीन. पहिला, “अंडं मी खात नाही.” दुसरा, “मध कधी तापवतात का? वैद्याला विचारा.” तिसरा आक्षेप तिने बोलून दाखवला नाही, पण हापूसकडे बघून जो सुस्कारा सोडला त्यात तो होता.

कन्या मला स्वयंपाकघराबाहेर घेऊन हळूच म्हणाली, “बाबा, अंड्याचं आजीला सांगायलाच नको. कळणारसुद्धा नाही.” मी म्हणालो, “बेटा, एकवीस वर्षांत मी एक खोटी नोंद केलेली नाही. आईच्या खात्यावर तर मुळीच करणार नाही.” मग मार्ग काय, असा प्रश्न आला. मी म्हणालो, आधी इतिहास बघू. ज्याला स्वयंपाक येत नाही, तो इतिहासाकडे वळतो.

बघायला गेलो आणि ध्यानात आलं, की गार गोडाच्या इतिहासाइतके बिनव्हाउचरचे व्यवहार दुसऱ्या कुठल्या इतिहासात नसतील. रोमचा सम्राट नीरो डोंगरावरून बर्फ मागवून त्यावर मध आणि फळं घालून खात असे, ही कथा जागोजाग छापलेली आहे. व्हाउचर दाखवा म्हटलं की सगळे गप्प. प्लिनीने लिहून ठेवलंय ते एवढंच, की पाणी आधी उकळून, मग भांड्यात भरून ते भांडं बर्फात ठेवून गार करण्याची युक्ती नीरोची. म्हणजे ज्याच्या नावावर आइस्क्रीम मांडलं, त्याच्या खात्यात प्रत्यक्षात उकळलेलं पाणी निघालं! आमच्या लहानपणी कावीळ झाल्यावर आम्हीही तेच पीत होतो.

दुसरी नोंद मार्को पोलोची. त्याने चीनहून आइस्क्रीमची कृती आणली म्हणतात. त्याच्या प्रवासवर्णनात तशी कृती नाही. तिसरी कॅथरिन द मेदिचीची. १५३३ साली ती इटलीतून लग्न होऊन फ्रान्सला गेली, तेव्हा तिने बरोबर आइस्क्रीम करणारे आचारी नेले म्हणे. त्या काळातला एकही कागद याला साक्ष देत नाही. एवढ्या मोठ्या घरच्या लग्नात आचारी माहेरचे होते की सासरचे, याची नोंद कुणीच ठेवली नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. आमच्याकडे अजून त्यावरून वाद आहेत.

खरी नोंद सापडते ती मिठाशी. नुसत्या बर्फात दूध ठेवलं तर ते गार होतं, गोठत नाही; कारण साध्या बर्फाची झेप शून्य अंशापर्यंत आणि गोड दुधाला गोठायला त्याच्या खाली उतरावं लागतं. बर्फात मीठ मिसळलं की मिश्रण शून्याखाली उणे एकवीस अंशांपर्यंत उतरू शकतं. सोऱ्याने पाणी गार होतं हे अरबांना तेराव्या शतकात ठाऊक होतं. आपल्याकडे ‘ऐन-ए-अकबरी’त अबुल फजलने बादशहाचं पिण्याचं पाणी सोऱ्याने गार करण्याची रीत दिली आहे. तो असंही लिहितो, की दरबार पंजाबात हलल्यावर, १५८६ च्या सुमारास, लाहोरला पंचेचाळीस कोसांवरच्या डोंगरांतून बर्फ येऊ लागलं. तिकडे नेपल्सच्या देल्ला पोर्ताने १५८९ सालच्या ग्रंथात बर्फ आणि सोरा यांत मद्याची बाटली फिरवून ते घट्ट करण्याची युक्ती छापली. मग १६९० च्या दशकात नेपल्समध्येच आंतोनियो लातिनी नावाच्या कारभाऱ्याने आपल्या पाकशास्त्रात सरबतं गोठवण्याच्या कृती दिल्या. त्यांतली एक दुधाची आहे. इथून पुढे व्हाउचरं व्यवस्थित आहेत.

अंडं आत शिरलं ते फ्रान्समार्गे. अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या स्वतःच्या अक्षरातली आइस्क्रीमची कृती अजून जपून ठेवलेली आहे. उत्तम मलईच्या दोन बाटल्या, सहा अंड्यांचे बलक आणि अर्धा पौंड साखर. अंड्याचं काम तिथे चवीपेक्षा मध्यस्थीचं. स्निग्ध पदार्थ आणि पाणी यांचं जन्मात पटत नाही. बलकातलं लेसिथिन दोघांना एका घरात नांदवतं. प्रत्येक शाखेत असा एक हेडक्लार्क असावा लागतो.

पण या सगळ्याला पॉट फिरवावा लागे. हाताने फिरवायच्या पॉटचं पेटंट फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ साली घेतलं. त्या पॉटचे वंशज आमच्या लहानपणी भाड्याने मिळत. लाकडी बादली, आत पत्र्याचा डबा, भोवती बर्फ आणि जाडं मीठ. पहिली शंभर फेरे पोरांची, पुढली काकांची, आणि शेवटी हँडल हलेनासं झालं की ज्या मामांनी आतापर्यंत नुसत्या सूचना केल्या त्यांची. सेमीफ्रेद्दोची मजा अशी, की त्याला पॉट लागत नाही. घोटलेल्या अंड्यात आणि फेटलेल्या मलईत हवा भरलेली असते. ती बर्फाचे मोठे खडे होऊ देत नाही. आणि मधातल्या साखरा थोडं पाणी शेवटपर्यंत गोठू देत नाहीत. म्हणून फ्रीझरमधून काढल्यावरही तो पदार्थ दगड होत नाही. कायम अर्धा गार.

इथवर इतिहास झाला तो ज्यांच्या दारात डोंगर होते त्यांचा. आपल्याकडे, उष्ण मुलखात, बर्फ कुठून आलं? अलाहाबादकडे थंडीच्या रात्री गवताच्या थरावर पसरट मातीच्या थाळ्या मांडून त्यांत पाण्याचा पापुद्रा गोठवत. रॉबर्ट बार्कर या साहेबाने १७७५ साली ती रीत लिहून ठेवली आहे. मुंबईत ती सोय नव्हती. मुंबईच्या थंडीत गोठते ती फक्त स्वेटर घालणाऱ्यांची हौस.

मुंबईसाठी बर्फ आलं ते अमेरिकेहून. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या माणसाच्या डोक्यात आलं, की हिवाळ्यात आपली तळी फुकट गोठतात, ती कापून उष्ण देशांत विकावीत. १८०६ साली त्याने पहिलं जहाज वेस्ट इंडीजमधल्या मार्तिनिक बेटावर धाडलं. गावच्या वर्तमानपत्राला ही थट्टा नव्हे असा खुलासा करावा लागला. धंदा बुडाला. पुढे कर्जापायी ट्यूडर तुरुंगातही जाऊन आला. तारण काय, तर वितळणारा माल. अनुभव काय, तर दिवाळं. आमच्या शाखेत हा अर्ज आला असता, तर मी तो पुढच्या टेबलावरसुद्धा सरकवला नसता.

आणि त्याच माणसाने मे १८३३ मध्ये ‘टस्कनी’ नावाच्या जहाजावर सुमारे १८० टन बर्फ भरून कलकत्त्याला पाठवलं. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडून. सप्टेंबरात जहाज कलकत्त्याला लागलं, तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होतं! मग मुंबईच्या फोर्टात आणि मद्रासच्या किनाऱ्यावर बर्फाच्या कोठ्या उभ्या राहिल्या. मद्रासची अजून उभी आहे. १८९७ साली विवेकानंद तिथे राहिले आणि आता ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. मुंबईत १८३४ साली जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं, आणि मग यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाल्याचं वर्तमानपत्रात छापून आलं, असं सांगतात. परवा हे आईला वाचून दाखवलं, तर तिचा चेहरा असा उजळला, जणू जमशेटजींना तिनेच आधी बजावलं होतं.

आता १८० टनांतले ८० टन वाटेत गेले, हे वाचून मी नेहमीच्या सवयीने त्यापुढे लिहिलं, ‘घसारा ४४ टक्के’. आणि पेन तिथेच थांबलं. कारण यापेक्षा मोठा घसारा मी स्वतः करून दाखवलेला आहे.

१९८९ चा मे. मी दहा वर्षांचा. आमचं गाव रत्नागिरीपासून आत, फाट्यावरून दोन मैल चालत. वडिलांना ताप भरला तो उतरेना. डॉक्टर म्हणाले, कपाळावर बर्फ ठेवा. गावात फ्रीज नव्हता. बर्फ मिळे ते बंदरावर, मासळीसाठी. घरात मोठा पुरुष दुसरा नाही. आईने पदराच्या गाठीतले पैसे दिले आणि मला बसमध्ये बसवून दिलं. बंदरावरच्या माणसाने चांगली पायलीएवढी लादी फोडून दिली, भुशात लोळवली, गोणपाटात गुंडाळली आणि सांगितलं, “पोरा, उघडू नको.”

ट्यूडरच्या नोकरांना हे एकच वाक्य सांगितलेलं असणार, आणि त्यांनी ते ऐकलं असणार. मी ऐकलं नाही. मला एकच भीती, की आत बर्फ आहे की नाही. म्हणून मी दर थांब्याला गोणपाट उघडून खात्री करून घेत होतो. दर खेपेला ते थोडं कमी भरे, म्हणून भीती वाढे, म्हणून पुन्हा उघडत होतो. तपासणीच्या पायी तपासायचा माल संपतो, हे तत्त्व मी नोकरीत पुढे अनेकदा पाहिलं. पण पहिला धडा तोच. फाट्यापासून घरापर्यंतचे दोन मैल मी उन्हातून पळत काढले. ओटीवर पोचलो आणि गोणपाट उलगडलं, तर आत लिंबाएवढा एक तुकडा आणि पसाभर ओला भुसा.

मी रडायला लागलो. आई काही बोलली नाही. तिने तो तुकडा धुतला आणि वडिलांच्या तोंडात घातला. मग ते गोणपाट झटकलं. ते भिजून गार झालं होतं. ते तिने घडी करून त्यांच्या पायांवर टाकलं, एका कोपऱ्यातलं पाणी पंचावर पिळलं आणि पंचा कपाळावर ठेवला. मी म्हणालो, “पण बर्फ संपलं ना गं!” आई म्हणाली, “पाणी झालं म्हणून काय झालं? गार आहे ना अजून?” वडील डोळे मिटूनच म्हणाले, “गार आहे हो.” त्यानंतर दोन दिवसांनी ताप उतरला. तो बर्फाने उतरला असं मी म्हणणार नाही, व्हाउचर नाही. वडील पुढे बावीस वर्षं होते. पण आमच्या घरात ‘बर्फ आणायला गेलाय’ म्हणजे ‘हात हलवत परत येणार’ हा वाक्प्रचार झाला तो कायमचा.

हा इतिहास वाचताना मला त्या दिवशीचा जमाखर्च छत्तीस वर्षांनी कळला. एक ग्रॅम बर्फ वितळताना ऐंशी कॅलरी उष्णता पिऊन टाकतो. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापेल. म्हणजे बर्फ गारवा देतं ते वितळूनच देतं. न वितळणारं बर्फ कुणाच्या कपाळाच्या कामाचं? आम्ही ज्याला घसारा म्हणून मांडतो, तोच त्याचा धंदा. बी. कॉम.ला हे शिकवलं नव्हतं. आईला कुणीच शिकवलं नव्हतं.

आता वाढदिवसाकडे येतो. पहिली चाचणी घरच्या सायीवर केली. मी जोरात फेटलं आणि लोणी निघालं. आईने ते शांतपणे उचललं, कढवलं आणि तूप करून बरणीत भरलं. आमच्या घरात इटालियन पदार्थाचं झालेलं हे पहिलं तूप. दुसऱ्या खेपेला बाजारची फेटायची मलई आणली. कन्येने चार बलक, शंभर ग्रॅम मध आणि दोन हापूसचा रस असं करून एक डबा लावला. त्यावर लाल पेनने ‘अंडं आहे’ असं लिहिलं आणि मी खाली तारखेसह सही केली. दुसरा डबा आईचा. त्यात अंड्याची मध्यस्थी नको, म्हणून सौ.ने चक्का घातला. तोही स्निग्ध, तोही दाट, तोही तडजोड जाणणारा. मध न तापवता. बाकी आंबा आणि मलई तीच.

वाढदिवसाच्या सकाळी अकरा वाजता वीज गेली. ती दोनला आली. त्या तीन तासांत मी फ्रीझरचं दार एकदाही उघडलं नाही. कन्या म्हणत होती, “बाबा, एकदा बघू या ना.” मी दाराला पाठ लावून उभा होतो. माझ्या आयुष्यात एखाद्या गोष्टीची तपासणी मी पहिल्यांदाच नाकारत होतो. आई झोपाळ्यावरून हे बघत होती. ती काही बोलली नाही, पण तिला गोणपाट आठवलं असणार. कारण ती मधूनच हसत होती.

अडीचला पानं वाढली. इटालियन डबा मऊ पडला होता, पण नावाला जागला होता. आईचा डबा त्याहून बरा. वाटीत वाढून तिच्यापुढे ठेवला. तिने चमच्याने चाखलं, जरा विचार केला आणि निकाल दिला, “आम्रखंड छान झालंय.” कन्या म्हणाली, “आजी, सेमीफ्रेद्दो आहे ते!” आई म्हणाली, “असेल गं. पण फार गार आहे. दातांना लागतं. जरा बाहेर ठेव.”

नेपल्सचा सोरा, फ्रान्सची अंडी, बॉस्टनची तळी, एवढ्या लोकांनी दोनतीनशे वर्षं खपून जो गारवा आमच्या पाटापर्यंत आणला, तो आईने वाटीत घालून पंख्याखाली ठेवला. आम्ही सगळे जेवत राहिलो. ताटातली पुरी संपली तशी तिने वाटी पुढे ओढली. आतलं सगळं विरघळून पातळ झालं होतं. सौ. हळहळली, “अहो आई, सगळं पाणी झालं की हो!”

आईने शेवटची पुरी त्यात बुडवली, भिंतीवरच्या वडिलांच्या तसबिरीकडे एकदा बघितलं, आणि घास तोंडात घालत म्हणाली,

“गार आहे हो अजून.”